मोटार शर्यतींमधील प्रायोजकत्व व जनसंपर्क
मोटार शर्यतींचे संघ आणि त्यांचे प्रायोजक यांची एकत्रित प्रतिमा घडवण्याच्या व जपण्याच्या कामाला मोटार शर्यतींमधील प्रायोजकत्व-जनसंपर्क म्हणतात. जाहिरातीची जागा पैसे देऊन मिळते. जनसंपर्कात मात्र संघाची कामगिरी व वर्तन यांतून विश्वास मिळवावा लागतो. प्रसिद्धिपत्रके, चालकांच्या मुलाखती, पाहुण्यांची सरबराई आणि अपघातानंतरची निवेदने ही कामे जनसंपर्क प्रमुखाच्या देखरेखीखाली होतात.

महाराष्ट्रातील उदाहरण
मुंबईच्या महिंद्रा उद्योगसमूहाने विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या फॉर्म्युला ई स्पर्धेत २०१४-१५ च्या पहिल्याच हंगामात स्वतःचा संघ उतरवला. १० जून २०१७ रोजी बर्लिन येथे फेलिक्स रोझेनक्विस्ट याने संघाला पहिला विजय मिळवून दिला. हा समूह विजेवर चालणाऱ्या मोटारी विकतही असल्याने शर्यतीतील यश त्याच्या उत्पादनांच्या प्रचाराला पूरक ठरते.

जोखीम
संघाची बदनामी प्रायोजकालाही भोवते. २००८ च्या सिंगापूर फॉर्म्युला वन शर्यतीत रेनॉ संघाच्या मोटारीचा अपघात हेतुपुरस्सर घडवल्याचे २००९ साली उघड झाले. त्यानंतर मुख्य प्रायोजक असलेल्या आयएनजी या डच वित्तसंस्थेने हंगाम संपण्यापूर्वीच करार संपुष्टात आणला.