मे महिन्यासाठी जूनमधली लागवड

सकाळी 7.30. मृगाच्या सरी चार दिवस पडून गेल्यात. रत्नागिरीतल्या एका रोपवाटिकेत शिरगावच्या काकू गुलाबापाशी थांबल्यात. माळीदादा थांबत नाहीत. ते मे महिन्यातच येऊन काकूंची विहीर बघून गेलेत. तेव्हा सकाळी दहा-बारा कळशा निघायच्या, मग झरा भरेपर्यंत थांबायचं. दादांची यादी त्या कळशांवरून ठरली आहे.

"काकू, गुलाबाला रोज पाणी लागेल. पिटकुळी घ्या."

पिटकुळी म्हणजे नर्सरीतला एक्झोरा. लाल झुबके. कोकणात ती रानातही दिसते, जांभ्याची आम्ल माती तिला मानवते. चार रोपं, 80 रुपयांना एक. दोन बोगनवेली, तीन कण्हेरी, सहा कोरांट्या, आठ अबोली. एक जास्वंद काकूंच्या हट्टाची. दादा ती मोरीच्या बाजूला लावणार, भांड्यांचं पाणी तिच्या मुळाशी जाईल. रोपांचे 1120. शेणखताच्या दोन गोणी 300. टेंपो 250.

9.15. शिरगावात, काकूंच्या आवारात. सहा खड्डे काल झालेत, चार राहिलेत. वरची वीतभर माती कुदळीनं निघते. मग कातळ. दादा पहार घेतात. ठण्. हातभर अंतरावर पुन्हा ठण्. जांभा कपच्या-कपच्यांनी सुटतो, दादा त्या घमेल्यात भरून गडग्याकडे नेऊन टाकतात. दीड फूट खोल जायला पाऊण तास लागला. अंगातला सदरा घामानं पाठीला चिकटलाय. मी पहार उचलून पाहिली. दहा घावांत तळहात लाल झाले.

11.40. चहा, दोन बटर. इथे वर्षाला 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर. बाकीचे आठ महिने झाडानं कशावर काढायचे, हे त्याच्या मुळांवर अवलंबून. म्हणून लागवड आत्ता. चार महिने पाऊस पाणी घालेल, तेवढ्यात मूळ खाली गेलं पाहिजे.

दुपारी 1.30. खड्ड्याच्या तळाशी नारळाची सोडणं. वर लाल माती, शेणखत, वाळवीसाठी मूठभर निंबोळी पेंड. कण्हेरी फाटकाजवळ, मोकाट गुरं तिला तोंड लावत नाहीत. ती विषारी. दादा हात साबणानं दोनदा धुतात आणि काकूंना बजावतात, "नातवंडांना तोडू देऊ नका." बोगनवेल भर उन्हात. ओल जास्त झाली की ती नुसती पानं काढते, ताण बसला की रंगानं भरते. खरं तर तो रंगही पानांचाच, फूल आत इवलंसं पांढरं असतं. उन्हाळ्यात पाणी तोडून रंग मिळवायचा, हे मला या झाडाचं फार आवडतं.

4.10. कोरांट्या कुंपणाशी लागल्या. पावसाळा सरला की त्या फुलतील. अबोली आंब्याच्या विरळ सावलीत. दादा पुढचं सांगून ठेवतात: "दिवाळीनंतर बुडाशी पातेरा घाला, चांगला चार बोटं. मग आठवड्याला एक कळशी बस."

5.20. हिशेब. दोन दिवसांची मजुरी 1600. दादा नोटा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून खिशात ठेवतात. पहार पुसतात.

5.35. सर आली. दादा छत्री उघडतात, पण निघत नाहीत. पडवीतून बघत राहतात. अबोलीच्या वाफ्यात पाणी तुंबलंय. बाकी सगळीकडून वाहून गेलं.

"हिचं मूळ कुजेल."

छत्री मिटून ते पावसात उतरतात. आठही रोपं मातीच्या गोळ्यासकट उचलतात. वाफा वीतभर उंच करतात, कडेनं फावड्यानं पाट काढतात. रोपं पुन्हा बसवतात. काकू पंचा घेऊन पडवीत उभ्या आहेत.

6.20. शेवटची एसटी पावणेसातला.