टेपच्या डब्यावरच्या नोंदी
बीटल्सच्या गाण्यांचं ध्वनिमुद्रण कसं झालं, याचा एक आढावा

बीटल्सच्या चाहत्यांमध्ये तपशिलांवर जीव टाकणाऱ्यांचा एक मोठा वर्ग आहे. कुठल्या गाण्यात ड्रम कोणी वाजवले, कुठला आवाज उलट्या टेपमधून आला, कुठल्या टेकवर, म्हणजे मुद्रणाच्या कितव्या प्रयत्नावर, तबकडी निघाली, हे सगळं त्यांना मुखोद्गत असतं. ही माहिती प्रश्नमंजूषेपुरती आहे असं अनेकांना वाटतं. मला तसं वाटत नाही. जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार या चौघांनी १९६२ ते १९७० या काळात जे संगीत केलं, ते कोणत्या खोलीत, कोणत्या यंत्रांवर आणि कोणाच्या हातभाराने उभं राहिलं, हे या तपशिलांमुळेच कळतं. हे तपशील आज हाती आहेत, कारण लंडनच्या ॲबी रोडवरच्या ई.एम.आय. स्टुडिओत प्रत्येक टेपच्या डब्यावर तारीख, गाण्याचं नाव आणि टेकचा क्रमांक लिहिण्याची शिस्त होती. ऐंशीच्या दशकात मार्क ल्युइसन यांना या टेप ऐकण्याची मुभा मिळाली आणि १९८८ साली त्यांनी बीटल्सच्या ध्वनिमुद्रणाची दिनांकवार हकिकत पुस्तकरूपाने मांडली. आजही बीटल्सवर लिहिणाऱ्याला त्या पुस्तकाची पानं उलटावीच लागतात.

दोन ट्रॅकचे दिवस

१ जानेवारी १९६२ रोजी डेका कंपनीने या मुलांची पंधरा गाणी ध्वनिमुद्रित केली आणि त्यांना नकार कळवला. पुढे ई.एम.आय.च्या पार्लोफोन या लेबलचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी त्यांना संधी दिली. ‘लव्ह मी डू’ या पहिल्या गाण्याचं ध्वनिमुद्रण एकाच वर्षात तीनदा झालं आणि तिन्ही वेळा ड्रमवर वेगळा माणूस होता. जूनमध्ये तेव्हाचे ड्रमवादक पीट बेस्ट होते, ४ सप्टेंबरला रिंगो आणि ११ सप्टेंबरला अँडी व्हाइट हे बाहेरून बोलावलेले वादक. शेवटच्या खेपेला रिंगोच्या हाती फक्त टॅम्बुरिन आलं. हे गाणं अल्बममध्ये ऐकताना टॅम्बुरिन कानावर पडलं, की ड्रमवर अँडी व्हाइट आहेत हे ओळखावं. सुरुवातीला स्वतंत्रपणे निघालेल्या तबकडीत ड्रम रिंगोचे आहेत आणि टॅम्बुरिन नाही.

पहिल्या अल्बमची चौदापैकी दहा गाणी ११ फेब्रुवारी १९६३ या एकाच दिवसात झाली. सकाळी दहाला काम सुरू झालं ते रात्री पावणेअकराच्या सुमारास संपलं. लेननला सर्दी झालेली, दिवसभर घशाच्या गोळ्या आणि दूध घेत तो गात होता. ‘ट्विस्ट अँड शाउट’ हे गाणं मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, कारण त्यात गळा फाटेस्तोवर ओरडायचं होतं. पहिल्याच टेकला काम फत्ते झालं. आणखी एक टेक घ्यायचा प्रयत्न झाला, पण जॉनला आवाजच उरला नव्हता. तबकडीवर आपण ऐकतो तो चिरकलेला, बसत चाललेला गळा त्या दिवसाच्या मेहनतीचा आहे. तेव्हाच्या टेपवर दोनच ट्रॅक होते. एकावर वाद्यं, दुसऱ्यावर आवाज. चुकलं तर सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाजवायचं. त्यामुळे या अल्बमला प्रत्यक्ष मैफलीचा जोम आहे.

चार ट्रॅक आणि हजार युक्त्या

१७ ऑक्टोबर १९६३ रोजी ‘आय वाँट टू होल्ड युअर हँड’च्या वेळी त्यांना पहिल्यांदा चार ट्रॅकचं यंत्र मिळालं. आता आधी वाद्यं मुद्रित करून त्यावर आवाज चढवता येऊ लागला. चारही ट्रॅक भरले, की ते एकत्र करून दुसऱ्या टेपच्या एक-दोन ट्रॅकवर उतरवायचे आणि उरलेल्या ट्रॅकवर पुढची वाद्यं घ्यायची, ही पद्धत पडली. तिची किंमतही होती. दर उतरणीला टेपची खरखर वाढायची, आणि एकदा एकत्र केलेले आवाज पुन्हा सुटे करता येत नसत. म्हणून मिश्रणाचा निर्णय तिथल्या तिथे आणि ठामपणे घ्यावा लागे.

१४ जून १९६५ या दिवसाकडे पाहिलं की मॅकार्टनीचा आवाका कळतो. त्या एका दिवसात त्याने ‘आय्व्ह जस्ट सीन अ फेस’ हे लोकगीताच्या चालीचं गाणं केलं, ‘आय्म डाउन’ हे आरडाओरड्याचं गाणं केलं आणि संध्याकाळी एकट्या गिटारवर ‘यस्टरडे’ गायलं. बाकीच्या तिघांपैकी कोणीही ‘यस्टरडे’त नाही. तीन दिवसांनी मार्टिन यांनी त्यात दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो यांची साथ घातली. शब्द सुचेपर्यंत या चालीला ‘स्क्रॅम्बल्ड एग्ज’ म्हणजे अंड्याची भुर्जी असं कामचलाऊ नाव होतं.

त्याच वर्षी ‘इन माय लाइफ’मध्ये मार्टिन यांनी स्वतः पियानो वाजवला. त्यांना हवा होता तेवढा वेग बोटांना झेपेना. मग टेपचा वेग निम्मा करून त्यांनी तो तुकडा संथपणे आणि एक सप्तक खाली वाजवला. टेप मूळ वेगाने फिरवल्यावर पियानोचा आवाज जुन्या हार्पसिकॉर्डसारखा टणत्कारी झाला. कित्येक जण आजही तो हार्पसिकॉर्डच समजतात.

६ एप्रिल १९६६ ला ‘टुमॉरो नेव्हर नोज’ या गाण्याने ‘रिव्हॉल्व्हर’ अल्बमचं काम सुरू झालं. ध्वनिमुद्रक जेफ एमेरिक तेव्हा अवघा वीस वर्षांचा होता. माइक ड्रमच्या फार जवळ न्यायचा नाही, असा स्टुडिओचा दंडक होता. एमेरिकने तो मोडला आणि बास ड्रममध्ये लोकरीचा स्वेटर कोंबला. त्या गाण्यातला ठेका जो छातीवर आदळतो, तो यामुळे. लेननला आपला आवाज डोंगरमाथ्यावरून दलाई लामा मंत्र म्हणत असल्यासारखा हवा होता. त्यासाठी तो ऑर्गनच्या फिरत्या लेस्ली स्पीकरमधून काढला गेला. मॅकार्टनीच्या कल्पनेतून टेपचे छोटे तुकडे टोकाला टोक जोडून गोल केले गेले. असे पाच फेरे इमारतीतल्या वेगवेगळ्या खोल्यांमधल्या यंत्रांवर एकाच वेळी फिरत होते. टेप ताणलेली राहावी म्हणून पांढऱ्या कोटातले तंत्रज्ञ पेन्सिलीवर ती धरून उभे होते, आणि कंट्रोल रूममध्ये जो आवाज हवा त्याची कळ वर-खाली केली जात होती. ते मिश्रण जसंच्या तसं पुन्हा करणं कोणालाही शक्य नव्हतं.

लेननला एकच ओळ दोनदा गाऊन आवाज दुहेरी करण्याचा कंटाळा होता. त्यासाठी तंत्रज्ञ केन टाउनसेंड यांनी दुसऱ्या यंत्राच्या मदतीने तोच आवाज किंचित सरकवून मूळ आवाजावर बसवण्याची युक्ती शोधली. पुढे जगभरच्या स्टुडिओंनी ती उचलली.

‘स्ट्रॉबेरी फील्ड्स’चा सांधा

या सगळ्यातला माझा सर्वांत आवडता किस्सा ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’चा. १९६६ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये या गाण्याची दोन रूपं तयार झाली. सातवा टेक संथ आणि खालच्या पट्टीतला. सव्विसावा टेक जलद आणि वरच्या पट्टीतला, ट्रम्पेट आणि चेलोंनी भरलेला. लेननला पहिल्याची सुरुवात आवडली आणि दुसऱ्याचा शेवट. दोन्ही जोडा, म्हणाला. लय वेगळी, पट्टी वेगळी, कसे जुळणार? मार्टिन आणि एमेरिक यांनी एका टेपचा वेग थोडा वाढवला, दुसरीचा थोडा कमी केला. टेपचा वेग बदलला की लय आणि पट्टी दोन्ही एकदम बदलतात. नशिबाने दोन्ही टेक एकाच जागी येऊन मिळाले. गाणं सुरू झाल्यावर साधारण एका मिनिटाने हा सांधा येतो. हेडफोन लावून तिथे कान द्या. लेननचा आवाज अचानक जड होतो, वाद्यांची गर्दी होते. तोवर पुढे चालणारं गाणं तिथून खोल उतरत जातं.

‘अ डे इन द लाइफ’साठी १० फेब्रुवारी १९६७ रोजी चाळीस वादक आले. चोवीस मात्राखंडांची जागा रिकामी होती. सगळ्यात खालच्या सुरापासून सगळ्यात वरच्या सुरापर्यंत प्रत्येकाने आपापल्या चालीने चढत जायचं, शेजाऱ्याचं ऐकायचं नाही, अशी सूचना होती. आयुष्यभर एकसुरात वाजवण्याची शिस्त पाळलेल्या वादकांना हे अवघड गेलं. ही रिकामी जागा मोजायला बीटल्सचा सहकारी मॅल इव्हान्स याने आधीच्या मुद्रणात मोठ्याने अंक म्हटले होते आणि शेवटी गजराचं घड्याळ वाजवलं होतं. तो गजर तबकडीत तसाच राहिला आहे. शेवटचा पियानोचा स्वरमेळ २२ फेब्रुवारीला झाला. अनेक हात एकदम पट्ट्यांवर पडले आणि आवाज विरत जाईल तसतसा ध्वनिमुद्रकाने तो वाढवत नेला. इतका, की शेवटी खुर्चीची करकर ऐकू येते.

भागवत, जोशी आणि फोर्टमधला स्टुडिओ

हॅरिसनने ऑक्टोबर १९६५ मध्ये ‘नॉर्वेजियन वुड’साठी सतार छेडली. लंडनमधल्या एशियन म्युझिक सर्कल या संस्थेचे अयन अंगडी यांच्यामार्फत पुढे भारतीय वादक स्टुडिओत आले. ११ एप्रिल १९६६ ला ‘लव्ह यू टू’ या गाण्यात तबला वाजवला अनिल भागवत यांनी, आणि ‘रिव्हॉल्व्हर’च्या वेष्टनावर त्यांचं नाव छापलं गेलं. बीटल्सच्या तबकडीवर बाहेरच्या वादकाचं नाव येणं तेव्हा दुर्मीळ होतं. पुढच्या वर्षी ‘विदिन यू विदाउट यू’साठी अण्णा जोशी आणि अमृत गज्जर यांनी दिलरुबा, बुद्धदेव कंसारा यांनी तानपुरा आणि नटवर सोनी यांनी तबला वाजवला. या चौघांची नावं चाहत्यांपर्यंत नीट पोचायला मात्र काही दशकं जावी लागली.

जानेवारी १९६८ मध्ये हॅरिसन ‘वंडरवॉल’ चित्रपटाच्या संगीतासाठी मुंबईत आला. फोर्टमध्ये फिरोजशहा मेहता रस्त्यावरच्या एच.एम.व्ही.च्या स्टुडिओत काम झालं. कंपनीच्या भास्कर मेनन यांनी त्यासाठी स्टिरिओ यंत्र कोलकात्याहून आणवलं. संतुरावर शिवकुमार शर्मा होते, सरोदवर आशिष खाँ. खोली पुरेशी बंदिस्त नव्हती, रस्त्यावरच्या गाड्या ऐकू येत आणि संध्याकाळी कचेऱ्या सुटल्या की जिन्यावरच्या पावलांमुळे काम थांबवावं लागे. याच दिवसांत हॅरिसनने आणखी एक धून मुद्रित करून घेतली. तिच्यात बासरी एस. आर. केंकरे यांची होती आणि हार्मोनियम रिजराम देसाद यांचा. लंडनला जाऊन तिच्यावर आवाज चढवला आणि मार्च १९६८ मध्ये ‘लेडी मडोना’च्या मागच्या बाजूला ‘द इनर लाइट’ म्हणून ती निघाली. हॅरिसनचं गाणं बीटल्सच्या स्वतंत्र तबकडीवर येण्याची ती पहिली वेळ, आणि त्याची वाद्यं वाजली होती आपल्या फोर्टमध्ये.

आठ ट्रॅक आणि शेवट

‘हे ज्यूड’ हे सात मिनिटांहून मोठं गाणं १९६८ च्या जुलैअखेरीस ट्रायडेंट या दुसऱ्या स्टुडिओत झालं, कारण तिथे आठ ट्रॅकचं यंत्र होतं. १९६९ मधल्या ‘ॲबी रोड’ अल्बमच्या वेळी तीच सोय घरच्या स्टुडिओत होती. याच अल्बमचा एक किस्सा या लेखाच्या विषयाशी थेट जोडलेला आहे. ‘हर मॅजेस्टी’ हे तेवीस सेकंदांचं गाणं मॅकार्टनीने अल्बममधल्या सलग गाण्यांच्या मालिकेतून काढून टाकायला सांगितलं. पण बीटल्सचं काहीही फेकायचं नाही, असा स्टुडिओत दंडक होता. साहाय्यक जॉन कर्लँडर याने तो तुकडा मोकळ्या टेपनंतर अगदी शेवटी चिकटवून ठेवला. प्रत काढणाऱ्याने तो तसाच ठेवला, आणि सुमारे चौदा सेकंदांच्या शांततेनंतर अचानक येणारं ते गाणं सगळ्यांना आवडलं. त्याच्या सुरुवातीला, मालिकेत मुळात त्याच्याआधी असलेल्या गाण्याचा शेवटचा दणका ऐकू येतो आणि त्याचा स्वतःचा शेवटचा सूर मात्र गायब आहे. टेप जिथे कापली गेली, त्या दोन्ही जागा अशा कानाला कळतात.

२० ऑगस्ट १९६९ नंतर चौघे एकत्र स्टुडिओत आले नाहीत. तरी जपून ठेवलेल्या टेपने त्यांना पुन्हा जोडलं. लेननने सत्तरच्या दशकात घरी कॅसेटवर गायलेल्या ‘नाऊ अँड देन’वर १९९५ मध्ये बाकीच्या तिघांनी काम केलं, पण पियानो आणि खरखर यांतून आवाज सुटा होईना. चित्रपट दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांच्या चमूने विकसित केलेल्या संगणकीय तंत्राने तो सुटा झाला आणि २ नोव्हेंबर २०२३ रोजी, हॅरिसनची १९९५ ची गिटार धरून, गाणं पूर्ण होऊन निघालं. ब्रिटनमध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेलं.

आपल्या डब्यांवर काय लिहिलं आहे?

हे सगळं लिहिताना मला सतत आठवण होते ती मुंबईच्या फिल्म स्टुडिओंमधल्या वादकांची. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, चिक चॉकलेट हे गोव्यातून आलेले गुणी लोक. त्यांनी आणि त्यांच्यासारख्या शेकडोंनी आपल्या गाण्यांना वाद्यसंगीत दिलं, पण तबकडीच्या लेबलवर संगीतकार, गीतकार आणि गायक एवढीच नावं राहिली. कुठल्या तारखेला, कितव्या टेकला, कोणाच्या व्हायोलिनवर ते गाणं पूर्ण झालं, हे बहुतेक गाण्यांबाबत आपल्याला सांगता येत नाही. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने उरलेल्या वादकांना भेटून २००८ मध्ये त्यांच्यावर पुस्तक लिहिलं, हे त्याचे उपकारच.

ॲबी रोडच्या डब्यांवर कारकुनी हाताने लिहिलेल्या तारखांनी एका वाद्यवृंदाचा इतिहास वाचवला. आपल्याकडे ते काम अजून करता येईल. दादर, गिरगाव, पणजी, कोल्हापूर इथे आजही असे लोक आहेत, ज्यांचे वडील किंवा काका ध्वनिमुद्रणाला जात असत. घरात मानधनाच्या पावत्या असतील, स्वरलिपीच्या वह्या असतील, मागे तारीख लिहिलेले फोटो असतील. त्यांची नीट यादी करा, छायाप्रती काढा, वयस्कर वादकांना गाणी ऐकवून आपण काय वाजवलं ते बोलतं करा आणि ते लिहून ठेवा. गाणी आपण जपली आहेतच, आता ती वाजवणाऱ्यांची नावंही जपूया.