काळ्या पेनामागचा कायदा

अमेरिकेच्या सरकारी कचेऱ्यांत ‘यू. एस. गव्हर्नमेंट’ असा ठसा असलेले काळे ‘स्किलक्राफ्ट’ बॉलपेन १९५२पासून वापरात आहे. ते जुळवणारे हात बहुतांशी अंध कामगारांचे. याचे मूळ १९३८च्या वॅग्नर-ओडे कायद्यात आहे: अंधांनी बनवलेले झाडू-मॉप सरकारने रास्त भावात घ्यायचे. १९७१मध्ये सिनेटर जेकब जॅव्हिट्स यांच्या पुढाकाराने इतर गंभीर अपंगत्व असलेले कामगार आणि साफसफाईसारख्या सेवाही त्यात आल्या. स्पर्धा टाळून केलेली खरेदी म्हणजे खैरात, हा आक्षेप टिकत नाही. सलग मैलभर रेघ ओढता आली पाहिजे, ही अट या पेनालाही आहे. सवलत विक्रीत आहे, दर्जात नाही.

दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. माल वा सेवा पुरवणाऱ्या संस्थेतील प्रत्यक्ष श्रमाचे किमान ७५ टक्के तास दिव्यांगांनीच भरायचे, या अटीने रोजगार मिळतो. पण कामगार इतरांपासून वेगळेही पडतात. शिवाय काही ठिकाणी किमान वेतनाहून कमी मजुरी देण्याची मुभा होती. या कंत्राटांपुरती ती २०२२च्या नियमाने बंद झाली. दुरुस्तीची दिशा हीच हवी: मागणीची हमी राहावी, स्वस्त मजुरीची नव्हे.