सांगू नये अशी गोष्ट

कथेचा शेवट आधी कळला तर तिची गोडी जाते, ही समजूत अलीकडे फार बळावली आहे. कोणी नव्या चित्रपटाचे नाव काढताच घरातील मुले कानांवर हात ठेवतात, आणि एखाद्या काकांच्या तोंडून शेवटचा प्रसंग निसटला तर दोन दिवस त्यांच्याशी कोणी धड बोलत नाही. हे भय कितपत यथार्थ आहे, याचा विचार करण्यास ‘ले दियाबोलिक’ या जुन्या फ्रेंच चित्रपटाइतके उत्तम साधन आमच्या पाहण्यात नाही.

‘सैतानी वृत्तीची माणसे’ असा या नावाचा भावार्थ होईल. दिग्दर्शक आन्री-जॉर्ज क्लूझो यांनी हा कृष्णधवल चित्रपट 1955 च्या जानेवारीत पॅरिसमध्ये प्रकाशात आणला. ब्वालो आणि नार्सजाक या लेखकद्वयाच्या 1952 मधील कादंबरीवर तो आधारलेला आहे. चित्रपट संपताच पडद्यावर एक विनंती उमटते : आपण जे पाहिले ते मित्रांस सांगून त्यांचा रसभंग करू नका. ती विनंती आम्हीही पाळणार आहोत. वाचकांनी निर्धास्त असावे.

कथा मुलांच्या एका वसतिगृहयुक्त शाळेत घडते. शाळा उभी आहे ती पत्नी क्रिस्तिना हिच्या पैशावर. हुकूम मात्र चालतो तो तिचा पती, मुख्याध्यापक मिशेल याचा. हा मनुष्य कंजूष, उर्मट आणि क्रूर आहे. त्याच शाळेतील निकोल नावाच्या शिक्षिकेशी त्याचे संबंध आहेत, आणि तिलाही तो मारहाण करतो. क्रिस्तिनाचे हृदय दुर्बल आहे. पत्नी आणि प्रेयसी या दोघी एकत्र येतात, आणि त्याला गुंगीचे औषध पाजून न्हाणीच्या टाकीत बुडवितात. प्रेत शाळेच्या गढूळ तलावात टाकले जाते. पुढे तलाव उपसला जातो, तो तळाशी प्रेत नाही! येथून पुढे आम्ही मौन धरतो.

भय उत्पन्न करण्याची क्लूझो यांची रीत फार संयमी आहे. आरंभीची व अखेरची नामावली सोडली तर पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. पाण्याचे ठिबकणे, दाराची करकर, रिकाम्या ओवरीतील पावले एवढ्यावर सारे काम भागते. पूर्वार्ध तर आमच्या अचलपूरच्या, आता थांबलेल्या, शकुंतला गाडीच्या चालीने जातो. पण जो या चालीला कंटाळून उठतो तो फसतो.

प्रेक्षकांवर याचा जो परिणाम झाला त्याच्या कथा प्रसिद्ध आहेत. आल्फ्रेड हिचकॉक एक किस्सा सांगत असत. हा चित्रपट पाहिल्यापासून आपली कन्या न्हाणीच्या टाकीत उतरेना, आणि हिचकॉक यांचा ‘सायको’ पाहिल्यावर तर ती फवाऱ्याखालीही उभी राहीना, अशी तक्रार एका पित्याने त्यांच्याकडे केली. त्यावर तिला कोरड्या धुलाईस पाठवावे, असा सल्ला त्यांनी दिला म्हणे. ‘सायको’ 1960 चा. चित्रपट सुरू झाल्यावर कोणासही आत सोडू नये, असा त्याच्या प्रदर्शनाचा नियम होता. याच ब्वालो-नार्सजाकांच्या दुसऱ्या कादंबरीवरून हिचकॉक यांनी 1958 मध्ये ‘व्हर्टिगो’ काढला होता. क्रिस्तिनाची भूमिका करणाऱ्या व्हेरा क्लूझो या दिग्दर्शकाच्या पत्नी. पडद्यावर दुर्बल हृदयाची स्त्री रंगविणाऱ्या या नटीचा 1960 मध्ये, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, हृदयविकारानेच अंत झाला. हे ठाऊक झाल्यावर तिचा थकलेला श्वास निराळाच ऐकू येतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आपल्या पूर्वजांनी रहस्याला इतके महत्त्व दिले होते काय? विशाखदत्ताचे ‘मुद्राराक्षस’ घ्या. कारस्थानांनी भरलेले असे नाटक संस्कृतात दुसरे नाही. परंतु तेथे प्रेक्षक चाणक्याच्या शेजारी बसलेला असतो. अंगठी कोठून आली आणि बनावट पत्र कसे तयार झाले हे त्याला ठाऊक असते. ठाऊक नसते ते बिचाऱ्या राक्षसाला. क्लूझो यांनी नेमके उलट केले. त्यांनी प्रेक्षकाला राक्षसाच्या आसनावर बसविले आणि चाणक्याचा डाव त्याच्यावरच टाकला. म्हणून शेवटी जो धक्का बसतो तो केवळ भयाचा नसतो. आपण फसविले गेलो, याचाही असतो. ‘मला आधीच कळले होते’ असे सांगणारा गृहस्थ प्रत्येक घरात निघतो, तो याच अपमानाची भरपाई करण्यासाठी!

पण धक्का आणि रस या वस्तू भिन्न होत. भयानक रसाचे उदाहरण म्हणून अभिनवगुप्तांनी ‘शाकुंतला’तील रथापुढे धावणारे हरिण घेतले आहे. त्या हरिणाचे पुढे काय होते हे ज्यास ठाऊक आहे, त्याच्याही अंगावर तो श्लोक वाचताना काटा येतो. भय तेथे गुपितात नाही. मान वळवून मागे पाहणाऱ्या त्या जीवात आहे.

आपल्या मराठी चित्रपटातही हा अनुभव येतो. जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवरून राजा परांजपे यांनी 1964 मध्ये ‘पाठलाग’ काढला. पत्नी मरण पावली हे ज्याने स्वतः अनुभवले, त्याच्यासमोर तिच्याच चेहऱ्याची स्त्री आरोपी म्हणून येते, आणि आपणच त्याची पत्नी असल्याचे सांगते. डॉ. काशिनाथ घाणेकर आणि भावना यांची कामे, गदिमांची गीते आणि दत्ता डावजेकरांचे संगीत. 1966 मध्ये त्यावरून हिंदीत ‘मेरा साया’ निघाला आणि ते गुपित देशभर झाले. तरीही जाणती माणसे ‘पाठलाग’ पुन्हा पाहतात. उलगडा पाठ झालेला असतो. त्या पुरुषाची तगमग मात्र दर वेळी नव्याने भिडते.

‘ले दियाबोलिक’ही दुसऱ्यांदा पाहावा असे आम्ही म्हणतो ते याचसाठी. आमच्या माजघरात तो दहाबारा मंडळींनी मिळून पाहिला. खालच्या इंग्रजी ओळी नात मराठीत सांगत होती. पूर्वार्धात भोजनगृहातील एक प्रसंग आहे. मुख्याध्यापकाने स्वस्तात आणविलेली शिळी मासळी मुलांना वाढली आहे. क्रिस्तिनाच्या घशाखाली घास उतरत नाही, आणि तो भर पंगतीत, शिक्षकांच्या व विद्यार्थ्यांच्या देखत, तिला तो गिळावयास लावतो. आमच्या घरी मासळी कधी शिजली नाही. तरी माजघर स्तब्ध झाले. ऐंशी ओलांडलेल्या आमच्या थोरल्या वहिनी हळूच म्हणाल्या, “यात भूत कशाला पाहिजे, भाऊजी? हे ताटच पुरे आहे.” त्यावर कोणी काही बोलले नाही. सुनांनी एकमेकींकडे पाहिले, आणि आम्ही पुरुषमंडळी पडद्याकडेच पाहत राहिलो.

वहिनींनी एका वाक्यात जे सांगितले ते पुष्कळ समीक्षणांत आढळत नाही. प्रथम पाहणारा प्रेक्षक प्रेत शोधतो. त्या शोधात भरल्या पंगतीत चाललेला छळ त्याच्या नजरेतून निसटतो. त्या मेजाभोवती शिकलेसवरलेले लोक बसले आहेत. सर्वांना दिसते आहे, आणि कोणीही उठून तो घास थांबवीत नाही. लपविलेले शोधण्याची आपल्याला हौस फार. उघड्यावर चाललेले पाहण्याचे धैर्य कमी. ज्या घरांत अनेक ताटे एका ओळीत मांडली जातात, त्यांनी हा प्रसंग विशेष लक्ष देऊन पाहावा.

शिक्षकाच्या पेशामुळे आणखी एक गोष्ट आमच्या मनात घर करून राहिली. म्वाने नावाचा एक खोडकर विद्यार्थी आपण काय पाहिले ते सांगतो. शिक्षक त्याला खोटारडा ठरवून कोपऱ्यात उभे करतात. तो खरे बोलत होता की खोटे, हे सांगितल्यास आमचे वचन मोडेल. पण शिक्षा आधी, चौकशी मागाहून, हा क्रम पडद्यावरचा असला तरी केवळ पडद्यापुरता नाही. खोडकर मुलाच्या बोलण्यावर आधीच ‘असत्य’ असा शिक्का बसलेला असतो. वर्गातील शहाण्या मुलाने तेच सांगितले असते तर निदान दोन प्रश्न तरी विचारले गेले असते.

तेव्हा आमची सूचना अशी की, हा चित्रपट प्रौढांनी व मोठ्या मुलांनी एका बैठकीत, अध्येमध्ये न उठता पाहावा. दुर्बल हृदयाच्या मंडळींनी जपून पाहावा. ज्यांनी पाहिला नाही त्यांना शेवट सांगू नये. दुसऱ्याच्या वाट्याचा पहिला घास आपण घेऊ नये, एवढाच त्यातील शिष्टाचार. मात्र ज्यांना शेवट कळून चुकला आहे त्यांनी हळहळू नये. गुपित एकदाच उलगडते. पण क्रिस्तिनाचे ते ताट पुन्हा पुन्हा समोर येते, आणि त्या पंगतीत आपण कोठे बसलो असतो, असे प्रत्येक वेळी विचारते.