प्रथिनांची पारख : कापूस व सोयाबीन उत्पादकांसाठी

नांदेड जिल्ह्यातील किनवट, हदगाव, भोकर या भागांत कपाशी आणि लातूर जिल्ह्यात सोयाबीन ही खरिपाची महत्त्वाची पिके होत. या दोन्ही पिकांत शेतकऱ्याच्या नफ्यातोट्याचा प्रश्न डोळ्यांना न दिसणाऱ्या एका पदार्थाशी निगडित आहे. तो पदार्थ म्हणजे प्रथिन. बीटी कपाशीत एक विशिष्ट प्रथिन असावे लागते. कच्च्या सोयाबीनमधील काही प्रथिने मात्र निकामी करावी लागतात. म्हणून प्रथिनाची पारख कशी होते व त्या पारखीवर कितपत विसंबावे, हे शेतकरी बंधूंनी आणि गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

घडीत गुण

प्रथिन म्हणजे २० प्रकारच्या अमिनो आम्लांची माळ होय. अशा लहानशा माळेस पेप्टाइड म्हणतात. लांब माळ विशिष्ट रीतीने दुमडली की तिला आकार येतो, आणि त्या आकारामुळेच ती आपले काम करते. अंडे उकडले म्हणजे त्यातील प्रथिन नाहीसे होत नाही. त्याची घडी मोडते व गुण पालटतो. यावरून एक गोष्ट ध्यानात ठेवावी. प्रथिन असणे निराळे आणि ते काम करणे निराळे.

एका काचेवर हजारो प्रथिने

एकेक प्रथिन घेऊन परीक्षा करीत बसल्यास आयुष्य पुरणार नाही. यासाठी शास्त्रज्ञांनी प्रथिनपटाची युक्ती काढली. प्रथम हवी ती प्रथिने यीस्ट किंवा जिवाणूंकडून तयार करवून शुद्ध केली जातात. मग लेप दिलेल्या काचपट्टीवर यंत्राच्या सूक्ष्म सुयांनी त्यांचे ठिपके ओळीने ठेवतात. कोणत्या जागी कोणते प्रथिन आहे, याची नोंद असते. ठिपक्यांमधील मोकळी जागा दुधातील प्रथिनासारख्या निरुपद्रवी पदार्थाने झाकतात, म्हणजे तपासणीचा पदार्थ भलतीकडे चिकटत नाही. नंतर चमकणारा रंग जोडलेला तो पदार्थ पटावर सोडून काच धुतात. जो ठिपका चमकतो, त्या प्रथिनाने पदार्थाला धरून ठेवले असे समजते. या सर्व कामात थंडावा व ओलावा सांभाळावा लागतो. नाहीतर प्रथिनांची घडी मोडून सारा खटाटोप वाया जातो.

जर्मनीतील रोनाल्ड फ्रँक यांनी १९९२ मध्ये कागदावरच ठिपक्याठिपक्याने पेप्टाइड तयार करण्याची रीत प्रसिद्ध केली. २००१ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठात यीस्टची सुमारे ५,८०० प्रथिने एका काचपट्टीवर मांडून तपासण्यात आली. मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेतही मानवी रोगांच्या अभ्यासासाठी अशा पटांचा उपयोग झालेला आहे.

शेतावरील पट्टी

ज्या तत्त्वावर हा पट चालतो, त्याच तत्त्वावर कपाशीच्या तपासणीची साधी पट्टी चालते. बीटी कपाशीत जमिनीतील एका जिवाणूचे जनुक घातलेले असते. त्यायोगे झाडात क्राय १ एसी हे प्रथिन तयार होऊन ते बोंडअळ्यांना मारक ठरते. भारतात या कपाशीला २००२ मध्ये संमती मिळाली. २००६ मध्ये क्राय २ एबी हे दुसरे प्रथिनही असलेले वाण आले. बियाण्यातील भेसळ ओळखण्यासाठी नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने तपासणीचे संच विकसित केले.

पानाचा लहान तुकडा किंवा बी नळीतील द्रावणात चुरडून त्यात पट्टी बुडवतात. पट्टीवर त्या प्रथिनाला पकडणारे प्रतिपिंड बसवलेले असतात. काही मिनिटांत दोन रेघा उमटल्या, तर प्रथिन आहे. एकच नियंत्रण-रेघ उमटली, तर ते आढळले नाही. नियंत्रण-रेघच न उमटल्यास ती पट्टी बाद समजून दुसरी घ्यावी. प्रयोगशाळेत हेच काम ९६ खळग्यांच्या तबकडीत एलायझा पद्धतीने होते, आणि रंगाच्या गडदपणावरून प्रथिनाचे प्रमाणही कळते.

येथे एक खबरदारी आवश्यक आहे. आता बीटी बियाण्याच्या पाकिटातच ५ ते १० टक्के बिगर-बीटी बी आश्रयासाठी मिसळलेले असते. त्यामुळे २० बिया वेगवेगळ्या तपासल्या व एकदोहोंत रेघ आली नाही, तर लगेच बियाणे बनावट ठरवू नये. निम्म्याअधिक बिया कोऱ्या निघाल्यास मात्र पावती, पाकीट, खूणचिठ्ठी व शिल्लक बी जपून ठेवून कृषी कार्यालयाकडे लेखी तक्रार द्यावी.

रेघ उमटली, तरी अळी का जगते?

पट्टी प्रथिनाचे अस्तित्व सांगते. अळी मरेल की नाही, हे सांगत नाही. क्राय प्रथिन अळीच्या आतड्यातील ठराविक जागी किल्लीसारखे बसते, तेव्हाच ते मारक ठरते. शेंदरी बोंडअळीच्या काही पिढ्यांत हे कुलूपच बदलले. किल्ली तीच राहिली, पण दार उघडेना. त्यातच पीक जुने होत जाते तसे क्राय १ एसीचे प्रमाण उतरते. शिवाय संकरित झाडाच्या बोंडात, एका प्रथिनाचा विचार केल्यास, दर ४ सरक्यांपैकी सुमारे १ सरकी त्या प्रथिनावाचून असते. अळीला तेथे थारा मिळतो.

२०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात शेंदरी बोंडअळीने हाहाकार केला, तेव्हा अनेक शेते खऱ्याखुऱ्या बीटी कपाशीचीच होती. त्याच वर्षी शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतमजूर दगावले. म्हणून पाकिटावरील नावावर विसंबून गाफील राहू नये, तसेच घाबरून अंदाधुंद फवारणीही करू नये.

कार्यक्षमतेची खरी परीक्षा शेतकऱ्याच्या हातात आहे. फुले लागल्यापासून डोमकळ्या शोधून नष्ट कराव्यात. हेक्टरी ५ कामगंध सापळे लावावेत. सलग ३ रात्री प्रत्येक सापळ्यात ८ पतंग आढळले, तर धोका समजावा. दर आठवड्यास शेतात फिरून २० हिरवी बोंडे तोडावीत व फोडून पाहावीत. २ बोंडांत अळी किंवा तिचे नुकसान दिसल्यास शिफारशीत औषध, तोंडाला फडके व हातमोजे वापरून, फवारावे. फरदड घेऊ नये आणि पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवू नयेत. कारण पुढील वर्षाची अळी तेथेच आसरा घेते.

सोयाबीन : निकामी झाल्याची खात्री

सोयाबीनमध्ये सुमारे ४० टक्के प्रथिने असतात. तथापि कच्च्या दाण्यातील ट्रिप्सिन-रोधक प्रथिन पचनरसाचे काम अडवते. उष्णता दिलेले सोयाबीन खाऊन उंदीर चांगले वाढतात, हे ऑसबॉर्न व मेंडेल या शास्त्रज्ञांनी १९१७ मध्येच दाखविले. म्हणून कोंबड्यांना व लहान वासरांना कच्चे सोयाबीन कदापि देऊ नये.

पेंड पुरेशी भाजली गेली काय, हे पाहण्याची चाचणी मोठी उद्‌बोधक आहे. कच्च्या दाण्यात युरिएज नावाचे दुसरे प्रथिन असते व तेही उष्णतेने निकामी होते. पेंडीची पूड युरिया व रंगदर्शक यांच्या द्रावणात टाकली असता, युरिएज जिवंत असल्यास त्यातून अमोनिया सुटून रंग लाल होतो. येथे प्रथिन आहे काय, एवढेच नव्हे, तर ते काम करते काय, हे थेट कळते. याच कारणाने युरियायुक्त पशुखाद्यात कच्चे सोयाबीन मिसळू नये. अमोनियामुळे जनावरास अपाय होतो. पेंड फार जाळणेही इष्ट नाही, कारण त्याने तिचे पोषणमूल्य घटते.

तात्पर्य, हजारो ठिपक्यांचा पट असो वा एका रेघेची पट्टी असो, तिचे उत्तर तिला विचारलेल्या प्रश्नापुरतेच असते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पट्टीची चाचणी दाखविताना त्याच शेतातील २० बोंडेही शेतकऱ्यांसमोर फोडून दाखवावीत. बी खरे आहे की नाही हे पट्टी सांगेल. पीक वाचत आहे की नाही हे बोंडेच सांगतील.