स्लॅबखालचा हस्त बहार

कागदी लिंबाला वर्षात तीन बहार येतात: आंबे, मृग आणि हस्त. ऐन उन्हाळ्यात, मंडईत लिंबाचा भाव कडाडतो तेव्हा, झाडावर फळं हवीत तर हस्त बहार धरावा लागतो. म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलं हवीत, कारण फुलापासून फळापर्यंत पाच-सहा महिने जातात.

ही फुलं आणायची तर झाडाला ताण द्यायचा, पाणी तोडायचं. पाणी तुटलं की पालवी थांबते. पानांनी तयार केलेलं अन्न वाढीवर खर्च न होता फांद्यांत साठतं आणि पुन्हा पाणी मिळताच डोळे फुटतात ते कळ्या घेऊनच. तहानेतून बहर! श्रीगोंद्याच्या बागायतदाराची पंचाईत अशी की, हा ताण त्याला पावसाळ्यातच द्यावा लागतो. आभाळाला कोण थांबवणार? म्हणून मग वाढ रोखणाऱ्या सायकोसीलसारख्या औषधांचे फवारे.

आता कोथरूडमधल्या एखाद्या फ्लॅटची गॅलरी बघा. वर स्लॅब, त्यामुळे आतल्या कुंडीत पाऊस पडतच नाही. शेतात जे जमता जमत नाही, ते इथे नुसती झारी बाजूला ठेवून होतं!

त्यात गॅलरी दक्षिणेची असेल तर सूर्यही साथ देतो. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत पुण्यात भर दुपारी सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, तेव्हा या गॅलरीत ऊन जेमतेम. सप्टेंबर सरता सरता तो दक्षिणेला झुकतो आणि ऊन कठडा ओलांडून थेट कुंडीवर येतं, नेमकं कळ्या धरायच्या दिवसांत.

ताण मात्र दोन-तीन वर्षांच्या, धडधाकट गुटी कलमालाच द्यावा, आणि जपून. कुंडीत माती ती केवढीशी, झटकन सुकते. खूण पानांवर दिसते. दुपारी पानं वळली आणि सकाळी पुन्हा सरळ झाली, तर ताण बेताचा आहे. सकाळीही वळलेलीच राहिली, तर लगेच थोडं पाणी द्या. ताण तोडताना वरची माती हलकेच मोकळी करा, शेणखत घाला, पहिलं पाणी बेतानं द्या. दोन-तीन आठवड्यांत पानांच्या बगलेत पांढऱ्या कळ्या दिसू लागतात. त्यानंतर पाण्यात खाडा नको, नाहीतर मोहरीएवढी फळं गळून जातात.