मामूंची उधारी आणि भाच्याचा प्रोग्राम

भोरच्या बाजारपेठेतले एक किराणा दुकानदार परवा आमच्याकडे आले. दुकानात बिलाचे जुने सॉफ्टवेअर आहे, रीतसर विकत घेतलेले. गिऱ्हाइकांची सगळी उधारी त्यात. ती फाइल दुसऱ्या कोणत्याच प्रोग्राममध्ये उघडत नाही. वेल्ह्याचा भाचा पुण्यात प्रोग्रामिंग करतो. तो म्हणाला, "मामू, फाइल कशी लिहिली जाते ते मी शोधतो आणि आपले नवे सॉफ्टवेअर बनवतो. बाजारात विकूसुद्धा." मामूंना धास्ती पडली : ही कमाई हलाल की चोरीची?

आम्ही आधी कायदा पाहिला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातले कलम ५२ इथे कामाचे आहे. प्रोग्राम कायदेशीररीत्या जवळ असेल, तर तो नेहमीप्रमाणे चालवत असताना त्यामागची कल्पना आणि तत्त्वे अभ्यासायला मुभा आहे. स्वतंत्रपणे लिहिलेला आपला प्रोग्राम त्याच्याशी जुळवण्यासाठी लागणारी माहितीही काढता येते. अट एवढीच की ती माहिती दुसरीकडे सहज मिळत नसावी. चोरीची प्रत वापरणाऱ्याला मात्र ही सवलत नाही. उलट जाणूनबुजून ती वापरली, तर कलम ६३ब खाली ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

बिर्याणी खाऊन मसाला ओळखणे वेगळे आणि शेजारणीची पाककृतींची वही उचलून आणणे वेगळे. अमेरिकेत कॉम्पॅक कंपनीने १९८२ साली आयबीएमशी जुळणारा संगणक आणला, तेव्हा हेच पथ्य पाळले. एका गटाने आयबीएमचा मूळ प्रोग्राम काय काम करतो ते टिपले आणि तो कधीही न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने नवा लिहिला.

आपल्याकडचे उदाहरण हैदराबादचे. रिलायन्स इन्फोकॉमने सवलतीत दिलेले मोबाइल फक्त त्यांच्याच सेवेवर चालत. टाटा इंडिकॉमच्या काही कर्मचाऱ्यांनी त्यांतला क्रमांक बदलून गिऱ्हाइके ओढली, असा आरोप झाला. २००५ साली आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने मोबाइल हाही संगणकच मानला. फसवणुकीची कलमे रद्द केली, पण माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६५ खालचा तपास चालू ठेवला. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांत बसणाऱ्या आपल्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे.

विकत घेताना "मान्य आहे" म्हणून आपण बटण दाबतो, तोही करारच असतो. त्यात प्रोग्राम उलगडण्याला मनाई असेल, तर कंपनी करारभंगाचा दावा लावू शकते. वायदा वाचल्याशिवाय देण्याची आपली सवय इथे नडते.

बोलता बोलता खरी गोष्ट बाहेर आली. भाच्याचा एक दोस्त त्याच कंपनीत नोकरीला आहे आणि त्याने मूळ कोड पेन ड्राइव्हवर आणून दिला होता. भाचा म्हणाला, "मी नुसता बघणार होतो, उतरवणार नव्हतो." पण तो कोड दोस्ताकडे मालकाची अमानत होता. व्यापारी गुपितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नसला, तरी नोकरीचा करार आणि विश्वासभंग यांवर न्यायालये मनाईहुकूम देतात. दोस्ताची नोकरी जाईल ती निराळीच.

मामूंनी भाच्याला समोर बसवून कंपनीला पत्र लिहायला लावले : आमची उधारी एक्सेलमध्ये काढून द्या, किंवा फाइलची रचना सांगा. नकार आला, तर भाचा दुकानातल्या प्रतीवरूनच काम सुरू करील. पेन ड्राइव्ह त्याच संध्याकाळी दोस्ताकडे परत गेला.